ती नुसतं टायपिंग करत नव्हती

प्रिय आई,

तुला जाऊन तीन वर्षं झाली आणि पत्र आज लिहितेय. काल कोठीच्या पुस्तकबाजारात एक पुस्तक घेतलं, तेव्हापासून जिवाला चैन नाही. हैदराबादेतल्या पहिल्या मेनफ्रेम कॉम्प्युटरांचा इतिहास आहे. तुमच्या कॉम्प्युटर सेंटरचं ते खोलीभर मशीन कुठून आलं, कोणत्या साहेबांनी बसवलं, सगळं आहे. कार्डांवर भोकं पाडून आकडे भरायच्या तुमच्या पंचिंग हॉलबद्दल एकच ओळ: 'टायपिंगसाठी काही मुली होत्या.'

मुली? तू तेव्हा दोन लेकरांची आई होतीस ना गं?

तुझ्या शेजारच्या मशीनवर बसणाऱ्या रझियाआपांना तणतणत फोन लावला. त्या म्हणाल्या, "टायपिंग? अगे, मैं कार्डां पंच करती थी, तेरी अम्मा वोच कागद देख को फिर से मारती थी. फरक आया तो मशीन अटक जाती थी. तेरी अम्मा नक्को बोली तो साब लोगां का कम्प्यूटर खाली बैठता था."

म्हणजे त्यांचं काम तपासणारी तू. मग त्यांनी परीक्षेच्या गुणांचं सांगितलं. एका गठ्ठ्यात आकडे एक घर सरकले होते, बहात्तरवाल्याला सात मिळाले असते. निकाल तोंडावर आलेला. साहेब म्हणाले, जाऊ द्या, पुढे मशीन बघून घेईल. तू गठ्ठा सोडला नाहीस, सगळा परत पंच करायला लावलास. हे मला कधी बोलली नाहीस. की मीच विचारलं नाही? बोटं दुखतात म्हणायचीस, आणि मी गृहपाठाची वही पुढे करायचे.

खरं सांगू का? ती ओळ माझीच आहे. तू गेल्यावर वर्षभरात त्या लेखकाचा फोन आला होता, आई काय काम करायच्या म्हणून. मला ऑफिसची बस गाठायची होती. म्हटलं, "विशेष काही नाही हो, टायपिंग." मी कुकटपल्लीत बसून दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते, त्यावर माझं घर चालतं. तरी असं म्हणाले. फार लाज वाटते गं.

आज लेखकाशी बोलले. दुसरी आवृत्ती निघतेय, पण बदल करायला लेखी काहीतरी लागेल म्हणाले. जुन्या कागदांवर सह्या साहेबांच्याच. आपांनी ऐंशी ओलांडलीय, आणि त्या म्हणतात, "हमारा क्या इतिहास? छोड़ दे."

नाही सोडणार. रविवारी गौलीगुड्याला त्यांच्याकडे जाऊन बसते. हॉलमधल्या आठवतील तेवढ्या बायकांची नावं आणि कामं लिहून घेते. आणि लेखकाला कळवते की टायपिंग हा शब्द त्यांचा नव्हता, तुझ्या मुलीचा होता, आणि तो चुकीचा होता. लेखी हवंय ना त्यांना? खाली माझी सही असेल.

तुझीच,
मंगल