निळा पाहुणा आणि दाजींची कॅसेट

नांदेड, रविवार

ती. अक्कास,

अमृतचा साष्टांग नमस्कार (गुडघा वाकत नाही, तेव्हा मनातल्या मनात). तुझी कंबर, निलंग्याचं ऊन आणि म्हशीची तब्येत कशी आहे ते कळव. पत्र बघून दचकू नकोस. फोनवर तू 'बरी हाय' म्हणून ठेवून देतेस, पत्र तरी शेवटपर्यंत वाचावं लागतं.

तर झालं असं. तुझ्या भाचीनं, मालविकेनं, इंटरनेटवरून 'निळा पाहुणा' शोधून काढला. आठवतो? तुझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं, मी कॉलेजच्या सुट्टीत तुझ्याकडं आलो होतो, आणि रविवारी सकाळी टीव्हीवर ती अंतराळातली गोष्ट लागायची. वेधशाळेच्या दाराबाहेर कुणीतरी उभं राहतं आणि आतल्या शास्त्रज्ञाला त्याच्या मेलेल्या भावाच्या आवाजात हाका मारतं. चारपैकी तीन भाग सापडले. शास्त्रज्ञ कडीला हात घालतो आणि तिथंच संपतं. चौथा कुणाकडंच नाही म्हणे. अक्का, यान पत्र्याचं आहे, तारे म्हणजे काळ्या पडद्याला पाडलेली भोकं (एकातून कुणाचं तरी बोट दिसतं), तरी हा सत्तावन्न वर्षांचा प्राध्यापक भरदिवसा मोरीत एकटा जाईना. पूर्ण सापडली असती तर हसून मोकळा झालो असतो. अर्धीच आहे म्हणून पिच्छा सोडत नाही.

चौथा भाग तेव्हाही मला दिसला नव्हता. मी तुमच्या माळवदावर अँटेना धरून उभा होतो. मी वरून 'आलं का?', तुम्ही खालून 'न्हाई, जरा मारुतीच्या देवळाकडं फिरव!' हात सोडला की चित्र जाई, म्हणून दाजींनी मला तसंच उभं ठेवलं. निदान ऐकायला तरी मिळावं म्हणून तुझ्या भजनांच्या कॅसेटवर त्यांनी आवाज भरून घेतला. भजनं पुसली म्हणून तू दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाहीस आणि कॅसेट ट्रंकेत कोंडलीस. शेवट काय झाला ते तू विसरलीस, आणि दाजी दरवेळी वेगळाच सांगायचे.

आता कबुली. गेल्या महिन्यात दाजींच्या वर्षश्राद्धाला आलो तेव्हा ती कॅसेट मी ट्रंकेतून चोरली. विचारणारच होतो, पण तू म्हणालीस, "अमृत, माणूस डोळ्यापुढं दिसतंय रे, आवाजच आठवंना झालाय." मग न विचारताच ती पिशवीत टाकली.

इथं गुंडप्पा रेडिओवाल्याकडं वाजवली. दार करकरलं, पाहुणा बोलायला लागला, आणि नेमके तेव्हाच दाजी माळवदाकडं तोंड करून ओरडले, "अमृत, दार उघडायलंय बग! लई बेक्कार हाय!" पाहुणा काय म्हणाला ते त्या आरोळीखाली कायमचं गेलं. गुंडप्पा आणि मी आधी पोट धरून हसलो. मग मी रडलो. गोष्टीतला शास्त्रज्ञ मेलेल्याचा आवाज ऐकून थरथरतो, मला मात्र वाटत होतं दाजींनी ओरडतच राहावं.

तुझी माया आहेच, थोडा रागही चालेल.

तुझा चोर भाऊ,
अमृत

ता. क. कॅसेट पाठवणार नाही. वर्षभर तू उंबरा ओलांडलेला नाहीस. शनिवारी गाडी घेऊन येतोय, पिशवी भरून ठेव. नाही म्हणायचं असेल तर नांदेडला येऊन म्हण.

ता. क. २. मालिका संपल्यावर दाजी टेप बंद करायला विसरले. चारचौघांत तुला 'अगं ए' याशिवाय हाक न मारणारा तो माणूस, खोली रिकामी झाल्यावर हळूच म्हणतो, "सिंधू, जरा बस की माझ्याजवळ." तिथंच मी बटण दाबलं. पुढं अजून बरंच आहे. ते मी ऐकलेलं नाही, ते तुझं आहे.