बायोसमधला भ गण

७ नोव्हेंबर २००५, सोमवार
दिवाळी संपली. पाहुणे गेले. आजपासून संकल्प : घरचा संगणक मी स्वतः मार्गी लावणार.
प्रसंग गंभीर आहे. सूनबाई विद्याश्रीचा एम.एड.चा प्रबंध त्यातच आहे. तो ३० तारखेला सादर झाला नाही तर तिचं वर्ष बुडालं. आणि डिस्क भरल्यामुळे चौथं प्रकरण सेव्ह होत नाही. डिस्क कशानं भरली, कोडंच आहे. त्यात माझ्या आवाजात रेकॉर्ड केलेल्या शालेय कविता तेवढ्या आहेत. एकशे बाराच.
विद्याश्री म्हणाली, "मामा, त्यातल्या थोड्या काढू का?" कुठल्या काढणार? तिसरीच्या काढल्या तर बालपण गेलं, सातवीच्या काढल्या तर तारुण्य.

८ नोव्हेंबर
चिरंजीव प्रभुलिंगनं कागलहून ड्यूटीवरून येताना चाळीस जीबीची नवी डिस्क आणली. संगणक तिला ओळखायलाच तयार नाही. दुकानवाल्या बाळासोला बोलावलं. म्हणाला, "मशीन जुनं हाय सर. बायोस अपडेट कराय लागतंय." म्हणजे मदरबोर्डावरचा मूळ प्रोग्रॅम बदलायचा. तो फ्लॉपीवरून बदलतात.
फ्लॉपी ड्राइव्ह उघडला तर आत तांदूळ. खंडेनवमीला संगणकाची पूजा मी केली होती. अक्षता वाहायला समोर एक फट दिसली, वाहिल्या. हळदही निघाली.
बाळासोनं ड्राइव्ह उलटा करून तांदूळ झटकले. मग म्हणाला, "पंचामृत घातलं न्हाईसा, उपकार हायत." शनिवारी दुसरा ड्राइव्ह आणतो, तोवर कुणी हात लावायचा नाही, असं माझ्याकडे बघून सांगून गेला.

९ नोव्हेंबर
शनिवारची वाट बघणं माझ्या स्वभावात नाही. सायबर कॅफेत गेलो. इंटरनेटवर स्पष्ट लिहिलंय : फ्लॉपी नसेल तर सीडीवरूनही होतं. काउंटरवरच्या मनालीनं सीडी करून दिली. आपल्या बोर्डाच्या नावाशेवटी ३ आहे, मिळालेल्या फाइलच्या शेवटी ४. ती म्हणाली, "आजोबा, ही दुसऱ्या बोर्डाची वाटते." मी म्हणालो, बाळ, वरच्या इयत्तेची आहे.

१० नोव्हेंबर, सकाळ
धोका एकच. अपडेट चालू असताना वीज गेली की बोर्ड कायमचा मेला. भारनियमनाचं वेळापत्रक कपाटावर चिकटवलं. नऊला जाते, साडेअकराला येते. आली की लगेच सुरू करायचं.

दुपारी १
आज वीज गेलीच नाही! म्हणजे कुठल्याही क्षणी जाणार. सीडी हातात धरून चार तास बल्बकडे बघत बसलो. सौ. शिवगंगा म्हणाली, "वीज गेली म्हणून शिव्या देणारे लई बघितले. गेली नाही म्हणून देणारे तुम्हीच." दुर्लक्ष केलं.
विद्याश्री चौथं प्रकरण हातानं लिहीत बसली आहे. बोटांना शाई. उद्या रात्री ती माझे आभार मानेल.

११ नोव्हेंबर, शुक्रवार
११.३१. वीज आली. प्रभुलिंग ड्यूटीवर, विद्याश्री कॉलेजात. सौ.ला मिक्सर, इस्त्री बंद.
११.४०. सीडी चालली. काळा पडदा, पांढरी अक्षरं. थेट माझा फळाच. आठवी ब, सकाळची प्रार्थना झालेली, खिडकीतून ऊन... असो.
११.४४. प्रोग्रॅम म्हणतो, फाइल तुमच्या बोर्डाशी जुळत नाही, तरी पुढे जायचं का? एका आकड्यासाठी एवढं? वृत्तात बसवायला भल्याभल्यांनी ऱ्हस्वाचं दीर्घ केलंय. 'वाय' दाबलं.
११.४५. पांढरे चौकोन भरताहेत. बल्ब स्थिर. दाराची बेल वाजली. सौ.ला ओरडून सांगितलं, त्याला म्हणावं बेल वाजवू नको, विजेवर चालते ती!
११.४७. चौकोन पूर्ण. वीज गेली नाही! जिंकलो.
११.५०. पुन्हा सुरू केला. पडदा काळा. आतून एक लांब शिट्टी, दोन आखूड. गुरू, लघू, लघू. भ गण! तीस वर्षं शिकवला, आज यंत्रानं म्हणून दाखवला. डोळे भरून आले.
१२.३०. अजून भ गणच. पुढचा गण येईना.
३.००. भ गण.
५.३०. विद्याश्री आली. ऐकत उभी राहिली. हळूच विचारलं, "मामा, माझी तीन प्रकरणं?" मी म्हणालो, विजेचा दाब कमी होता. सौ. म्हणाली, दाब तुमच्या डोक्यात कमी आहे. रात्री कुणी जेवलं नाही.

१२ नोव्हेंबर
बाळासो आला. ऐकलं. "सर, सांगितलं हुतं की हो! बोर्ड गेला. पर डिस्क शाबूत हाय. वैनी, तुमचं समदं हाय." विद्याश्री मटकन खाली बसली आणि रडली. मी खिडकीबाहेर बघत होतो. नवा बोर्ड टाकायला तो मशीन घेऊन गेला. निदान निर्णय तर झाला. माझ्यामुळेच.

२५ नोव्हेंबर
मशीन आठवड्यापूर्वी परत आलं. नवी डिस्क ओळखतं. विद्याश्री दिवसभर टाइप करते. मात्र पंख्याचा आवाज यतिभंग झाल्यासारखा येतोय. संकल्प : उद्या झाकण उघडून खोबरेल सोडायचं. जेवताना बोललो. सगळ्यांचे घास थांबले. सौ. एकदम म्हणाली, आपण पन्हाळ्याला माझ्या बहिणीकडे, यल्लव्वाकडे जाऊ, उद्याच. बिचारीला हवापालटाची फार गरज दिसते.

२८ नोव्हेंबर, पन्हाळा
हवा उत्तम. परत जाऊ म्हटलं की सौ.चा गुडघा दुखतो. पिशवीत स्क्रूड्रायव्हर ठेवला होता, सापडत नाही.

३० नोव्हेंबर
घरी आलो. प्रबंध सादर झाला! बांधलेली प्रत टेबलावर होती. थेट ऋणनिर्देश काढला. मार्गदर्शक, प्रभुलिंग, बाळासो यांचे आभार. मग शेवटचं वाक्य : "अखेरचे चार दिवस मामांना पन्हाळ्यास घेऊन गेल्याबद्दल सासूबाई सौ. शिवगंगा यांची मी आजन्म ऋणी आहे."
वाक्य तीनदा वाचलं. रचना निर्दोष. लाल पेन हातात होतं, टोपण लावून ठेवलं.