पुसलेली काच

माझ्या शहाण्या नातीस,

तू बांधावर काठी रोवलीस, तिच्यावर मलम लावलेली काचपट्टी बसवलीस आणि म्हणालीस, "आजी, भाताच्या करप्याचं बी वाऱ्यावर येतं, डोळ्याला दिसत नाही. ते हिला चिकटेल. तू नुसतं लक्ष ठेव."

ठेवलं. रोज काच मळकट दिसायची. नात एवढी शिकली आणि आजीच्या शेतात घाण काच? मी ती फडक्याने लख्ख पुसून वर ताजं मलम लावायची.

तू दर आठवड्याला पट्टी नेऊन यंत्राखाली बघायचीस आणि सगळ्यांना सांगायचीस, "हवा स्वच्छ आहे, फवारू नका." आता शेजारणीच्या लोंब्या मानेत काळ्या पडून वाकल्यात, आत दाणा नाही. त्या बघितल्या तेव्हा कळलं, मी काय पुसत होते ते. काल ती म्हणाली, "नातीला शिकवण्यापेक्षा म्हैस घेतली असती, तर दूध तरी मिळालं असतं." एरवी मी तिला उभी सोलली असती. काल खाली मान घालून तिला चहा दिला.

तू शेतकी खात्यातली नोकरी सोडतेयस म्हणे. हे पत्र काही पाठवत नाही. कागदाआड तोंड लपवता येतं. उद्या आधी शेजारणीकडे जाते, मग तुझ्या साहेबाकडे. ते फडकं अजून धुतलेलं नाही. तेच ठेवा म्हणावं यंत्राखाली.

नको तिथे टापटीप,
तुझी आजी