खळवाडीच्या मैदानाची निरवानिरव

काल मैदानावर सगळ्यात आधी आला जमिनीचा दलाल शालिग्राम, पायात बूट. मागून जेसीबी आणि तीन दांडगे, आणि सगळ्यात शेवटी मान खाली घालून माझाच मुलगा ललित. पण आधी कायद्याचं लिहिते. मी यशोदाबाई गिरधर पाटील, राहणार खळवाडी, तालुका पारोळा, वय अठ्ठ्याहत्तर, शिक्षण चौथी, डोकं ठिकाणावर, कोणाचा दाब नाही, कालच्या मारामारीने तब्येत उलट सुधारलेली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते.

१) दोन एकर मैदान मला आईने दिलेलं, उताऱ्यावर माझंच नाव. तिथे आमचं खळं होतं. ज्वारीची मळणी झाली की पोरं त्या सारवलेल्या जमिनीवर फुटबॉल खेळायची, चेंडू सरळ पळायचा. खळ्यावर जोडा चढत नाही, म्हणून आमचा क्लब आजही अनवाणी खेळतो. धुळ्याची टीम पहिल्यांदा आली ती बूट घालून. माझे मालक आडवे उभे राहिले, "जोडा काढ, हाई खळं शे." धुळेकरांनी गोलाची बल्ली उपसून मालकांचा हात मोडला. आमच्यांनी त्यांची डोकी फोडली. सगळे एकाच ट्रॅक्टरमधून दवाखान्यात गेले, आणि पट्ट्या बांधून अनवाणी मॅच झाली. आपण हरलो, ते असो.

हे मैदान माझ्यामागे खळवाडी फुटबॉल क्लबचं. विकायचं नाही, प्लॉट पाडायचे नाहीत.

२) घर आणि म्हैस ललितला. मी जिवंत असताना त्याने शालिग्रामला मैदान विकायचा शब्द दिला. काल जेसीबीने गोल उखडला तेव्हा म्हणाला, "माय, तुझ्यामागं माझंच आहे ना." मी कानाखाली दिली. आता राग नाही. मारलं की माझा राग जातो. अट एकच, उखडलेला गोल त्याने स्वतः उभा करावा. सकाळपासून खड्डा खणतोय, मला खिडकीतून दिसतो.

३) कडबा ओढायचं दाताळं नात दिपमालाला. ती आमची गोलकीपर. काल जेसीबीपुढे उभी राहिली, एका दांडग्याने केस धरून फरफटवली. मी हेच दाताळं त्याच्या पाठीत घातलं. दात मोडला, दाताळ्याचा. दिपमालाने त्याच्या पोटात अशी लाथ घातली की चेंडू असता तर अमळनेरला पडला असता. बाकीचे दोघे पोरांनी बांधावरच्या निवडुंगात फेकले. शालिग्रामचा ओठ फाटला. कोणी फाडला ते लिहीत नाही, पण माझी बांगडी वाकली आहे.

४) माझी राख मैदानावर टाकू नये, पोरं घसरतील.

साक्षीदार: सुकदेव निकम, निवृत्त तलाठी. इंदिराबाई, शेजारीण (दगड तिनेच पुरवले).

सही: यशोदाबाई. खळवाडी, रविवार, १८ जानेवारी २०२६.

सहीनंतर एक राहिलं. शालिग्राम जाताना ओठाला रुमाल लावून म्हणाला, "अक्का, पन्नास माणसं घेऊन परत येतो." मी दिवस विचारून घेतला. मंगळवार. त्याच दुपारी मॅच ठेवली आहे, चार गावांना निरोप गेलाय.