वरच्या मजल्यावरचा गिटारवाला

प्रिय चिमणाबाई,

मी मजेत आहे. स्टुडिओत काम भरपूर आहे, जेवण वेळेवर होतं, खोकलाही गेला. आईचे गुडघे कसे आहेत?

तू कॉम्प्युटरवर गाणं करायला घेतलंस, बरं वाटलं. पण तुझ्या पत्रात माझ्या खोकल्याला एक ओळ आणि वरच्या मजल्यावरच्या गिटारवाल्याला अख्खं पान! नवरा साउंडवाला असताना सॉफ्टवेअर शेजाऱ्याकडून शिकायचं, म्हणजे काखेत कळसा नि गावाला वळसा.

आता माझंही ऐक. आधी प्रत्येक ट्रॅकला नाव द्यायचं, नाहीतर ढोलक कुठे नि बासरी कुठे, शोधत बसशील. रोज फाईल नव्या नावाने सेव्ह करायची, म्हणजे आजचं बिघडलं तरी कालचं हाताशी राहतं. आणि इफेक्ट अगदी शेवटी. तुझ्या गाण्यात एवढा एको त्यानेच घालायला सांगितला ना? वाटलंच मला. तुझा आवाज विहिरीतून आल्यासारखा येतोय.

तू पाठवलेली फाईल उघडली. एका ट्रॅकचं नाव ‘मी’, दुसऱ्याचं ‘सर’. सर कसले डोंबलाचे! गिटार मात्र चांगली वाजवतो, तेच तर दुखणं आहे.

मीही एक ओळ गाऊन मेलवर पाठवली आहे. सूर लागलेला नाही, ते मला कळतं. तिला माझं नाव देऊन सगळ्यात खाली ठेव. नवशिक्यांनी काहीच घाईने उडवायचं नसतं. तो शिकवायला आला की हवं तर म्यूट कर, पण डिलीट करू नकोस.

तुझाच,
सगळ्यात खालचा ट्रॅक