दुसऱ्या बोरच्या सभेआधी

टोला, ता. समुद्रपूर
१४ जानेवारी २०२६

प्रिय प्रेम,

तुले अन् आचलले ताईचा जय सेवा.

इथं सगळं ठीक हाय. तूर निंघाली, वांगे जाम गावच्या बाजारात जाऊन राह्यले. थंडीनं मायचे गुडघे आखडले, बाकी बरी हाय. फोन सोडून पत्र काऊन, म्हणशील. फोनवर तुह्या बाजूले कोणी ना कोणी साहेब बसला राह्यते, अन् तू मंग माह्याशीबी साहेबासारखा बोलतो. पत्र तुले एकट्यालेच वाचा लागंल.

वसतिगृहाचं विचारलं होतं तू. तुह्या कंपनीच्या बोरचं गरम पाणी पहिल्यांदा फरशीखालच्या नळ्याइत सोडलं, तवा पोट्ट्याइनं चटया गुंडाळल्या अन् फरशीले गाल लावून झोपल्या. लहानी रिंकू मले म्हणे, "मावशी, जमिनीले ताप आला." पोट्टीइचा सयपाक सोडून मी पाह्यत बसली. दिसंल त्याले सांगत सुटली का माह्या भावानं जमिनीच्या पोटातली ऊब पोट्टीइच्या पायाखाली आणली.

आता फरशी थंडगार हाय. मेकॅनिक म्हणते प्रेशर नाई. प्रेशर कुठी गेलं ते मले बाजारातून येतानी समजलं. फाट्यावरच्या नव्या हॉटेलात पाणी मांगाले गेली, तं तिथचा वॉचमन तानबा कौतुकानं सांगे, "आमच्या साऱ्या खोल्या गरम राह्यते बाई. पाणी तुमच्याच टोल्यावरून येते." मी पाणी न पेताच निंघाली.

तरी तुह्यावर खापर नाई फोडलं. म्हटलं, दगा कंपनीनं देल्ला, माहा भाऊ काय करंल बिचारा.

मंग झरा आटला. आपला ऊन पाण्याचा झरा, जिथं टोल्यातली हरेक बाळंतीण पहिलं आंग धुते. तुह्या वक्ती मायबी तिथंच बसली होती. आता तिथं नुसता चिखल हाय. सोनबाची सून बाळंत झाली, तं तिच्या सासूनं चुलीवर पाणी तापवलं अन् तापवता तापवता रडली.

मी मायले म्हटलं, प्रेमले कसं सांगू, त्याले धक्का बसंल. माय भोळी. म्हणे, "त्याले ठाऊक हाय ना. गेल्याच्या आधीच्या दिवाळीत आलता तवाच म्हणे, माय, यंदा झऱ्यात मनभर बसून घेजो, बोर लागली का पाणी राह्यणार नाई."

प्रेम, पहिल्या बोरची सभा त्या दिवाळीच्या बाद झाली. साहेब मराठीत बोलले तवा बुढे लोक गप होते. तू उठला, गोंडीत बोलला, झऱ्याले काही होणार नाई म्हणाला. बाया माह्याकडे पाहून राह्यल्या होत्या, अन् बोरसाठी मी पहिला हात वर केला. मायले तू खरं सांगतलं. मले नाई सांगतलं, कारण तुले माहा हात पाह्यजे होता.

कंपनीचा राग येते अन् जाते. तुहा राग जात नाई. भाकर थापता थापता हात थांबते माहा.

अन् वरून निरोप पाठवतो का रविवारी दुसऱ्या बोरची सभा हाय, ताई, बायाइले समजावजो. कसा धजला रे तू?

काल समजावलं मी बायाइले. मायचं बोलणं जसंच्या तसं सांगतलं. तवापासून माय माह्याशी बोलत नाई, म्हणे भावाले उघडा पाडला.

तू रविवारी येजो. पहिले घरी येजो, वांग्याची भाजी करून ठेवतो. मंग सभेत उभा राह्यजो अन् मायले जे सांगतलं ते साऱ्याइच्या समोर गोंडीत सांगजो. ते जमत नसंल तं मराठीतबी बोलू नको.

आचलचा परवा फोन आलता. तिचे दिवस भरत आले. म्हणे, "ताई, मी टोल्यावरच येतो, माह्या लेकराचं पहिलं आंग झऱ्यावरच धुवाचं हाय. पाणी अजून तेवढंच ऊन हाय ना?" आवाज येत नाई म्हणून मी फोन ठेवला. तिले काय सांगाचं ते तूच सांगजो.

रविवारी तुह्या विरोधात हात वर करणारी,
तुही ताई,
रुपा