वन्सं आणि कलम एकोणीस

मंगळवार, १७ जून
संध्याकाळचे पाच

प्रिय वन्सं,

नमस्कार आणि खुशाली मागाहून, आधी बातमी. कलम एकोणीस अर्थसंकल्पाच्या विधेयकातून निघालं. आज दुपारी सव्वाचारला समितीने सात विरुद्ध चार मतांनी ते वगळलं. समितीच्या कारकूनबाईंनी मला व्हरांड्यात गाठून सांगितलं. मी सवयीने "लेखी दाखवा" म्हटल्यावर त्यांनी अध्यक्षांच्या सहीचा कागद माझ्या नाकासमोर धरला.

म्हणजे जमिनीतल्या पाण्याचा खोल उपसा करणारे जी फी भरतात ती पूर्वीसारखी पाणीमोजणीच्याच निधीत राहील, सरकारच्या सामायिक तिजोरीत जाणार नाही. तीन वर्षांच्या नोंदी असल्याशिवाय नव्या उपशाला परवाना नाही, हा नियमही राहील. तुम्ही मोजता त्या एक्केचाळीस विहिरी वाचल्या, आणि त्यांच्या पलीकडची पाणथळही.

तुम्हाला फोन लावला होता. लागला नाही, तुम्ही कुठल्यातरी विहिरीच्या काठावर असणार. लागला असता तरी पत्र लिहिलंच असतं. फोनवर तुम्ही "बरं बरं, जेवलीस का" म्हणून विषय मिटवून टाकता.

आता खुशाली. तुमचा भाऊ ठीक आहे. स्वयंपाकघरातला गळका नळ त्याने रविवारी स्वतः दुरुस्त केला, त्यामुळे आता दोन नळ गळतात. मला म्हणाला, "ताईला कळवू नकोस. ती येऊन तासाला किती थेंब ते मोजत बसेल."

शुक्रवारी तुम्ही समितीसमोर बोललात, त्याबद्दल मी अजून चकार शब्द काढलेला नाही. तुमच्या लक्षात आलं असेलच. मला तेव्हा काय दिसलं ते आधी सांगते.

तळमजल्यावरची ती बुटक्या छताची खोली मी वीस वर्षं पाहते आहे. सामान्य माणसाला तिथे तीन मिनिटं मिळतात. टेबलावरचा दिवा हिरवा, मग पिवळा, मग लाल. माणसं आधीची दोन मिनिटं समितीचे आभार मानण्यात घालवतात आणि मुद्द्याला हात घालेपर्यंत लाल दिवा लागतो. तुमच्या आधीचे वकील तर लाल दिव्यावरही बोलतच राहिले, शेवटी त्यांचा माइक बंद करावा लागला.

तुम्ही बसलात, पिशवीतून नोंदींची कार्डं काढलीत आणि म्हणालात, "मी विहिरी मोजते. पोलादी टेपच्या टोकाला खडू लावते आणि आत सोडते. खडू जिथवर ओला, तिथवर पाणी. प्रत्येक विहीर दोनदा मोजते. दोन आकडे जुळले नाहीत तर तिसऱ्यांदा."

कोपऱ्यातल्या जाड सदस्यांना गंमत वाटली. "बाई, सव्वीस वर्षं हेच करताय?"

"हो. पाणीही तेच करतंय, वर-खाली. त्याला कुणी विचारत नाही."

हसले सगळे. अध्यक्षही. त्या हशात तुम्ही एकाच विहिरीचे आकडे वाचलेत, शाळेच्या मैदानामागच्या. सहा वर्षांत पाणी अकरा मीटर खाली गेलं. मग नोंदींचा नियम आला, नवे परवाने थांबले आणि पुढच्या चार वर्षांत ते तीन मीटर वर आलं. पाणथळीतले पक्षी परतले ते त्यानंतर. "कायद्याने पाणी वर येतं हे मी स्वतः मोजलंय," म्हणालात. "तो कायदा तुम्ही कलम एकोणीसने काढून टाकताय. मोजणी बंद झाली की पाणी खाली गेलं तरी कुणाला कळणार नाही, एवढाच फरक पडेल."

दिवा पिवळा झाला होता. तेवढ्यात अर्थसचिवांनी फाइलीतून कात्रण काढलं. "पर्यावरणाच्या तरतुदीत एका पैशाची कपात नाही. हे मी म्हणत नाही, छापून आलंय."

बातमी माझी होती. 'निसर्गाच्या वाट्याला कात्री नाही.' वार्ताहरांच्या बाकावरचे सगळे माझ्याकडे बघायला लागले. तुम्ही बघितलं नाहीत. तुम्ही म्हणालात, "वाचलीय मी ती बातमी. लिहिणाऱ्या बाईंच्या हातात त्या दिवशी सरकारने दिलेला चाळीस पानांचा सारांश होता. विधेयक दुपारनंतर आलं, ते वाचायला त्यांना वेळ मिळाला नाही. हातात होतं ते त्यांनी नीट लिहिलं. विधेयक तुमच्याकडे मात्र आधीपासून होतं, साहेब."

लाल दिवा लागला. अध्यक्ष म्हणाले, आणखी एक मिनिट घ्या. तुम्ही कार्डं गोळा करत म्हणालात, "नको. झालं माझं सांगून."

वन्सं, त्या इमारतीत मी मोठमोठी भाषणं ऐकली आहेत. वाढीव मिनिट नको म्हणणारं माणूस पहिल्यांदा पाहिलं. कारकूनबाई सांगत होत्या की त्यानंतरच चार सदस्यांनी अख्खं विधेयक मागवून घेतलं आणि आजची मतं तिथून फिरली.

आजची बातमी द्यायची आहे, पान थांबलंय. उरलेलं मागून लिहिते.

बुधवार, सकाळचे आठ

काल बातमी दिल्यावर लिहायला वेळ होता. बसले नाही.

वरती मी तुमचं सगळं बोलणं जसंच्या तसं लिहिलं आणि एका वाक्यावरून घाईने पुढे गेले. 'वाचायला त्यांना वेळ मिळाला नाही.'

अर्थसंकल्पाच्या दिवशी साडेपाचला तुमचा फोन आला होता. "पान दोनशे बारा, कलम एकोणीस. वाच." मी म्हटलं, "वन्सं, सहाला पान सुटतंय, आत्ता नाही जमणार." दुसऱ्या दिवशी तुम्ही घरी आलात तेव्हाही तेच सांगितलं, वाचायला मिळालंच नाही हो. तुम्ही म्हणालात, "असू दे, तुझी धावपळ मला माहीत आहे." आणि शुक्रवारी ते समितीला सांगितलंत.

मी वाचलं होतं. तुमचा फोन ठेवला आणि पान दोनशे बारा उघडलं. सहा ओळींचं कलम. पहिल्या वाचनातच कळलं की आकडा तसाच ठेवून त्याखालचा कायदा काढून घेतलाय. पावणेसहा वाजले होते. बाहेरगावी जाणाऱ्या डाक आवृत्तीला उशीर झाला असता, हे खरं. पण शहर आवृत्तीला चार तास होते. वेळ नव्हता असं नाही.

सारांश त्या दिवशी मला इतरांपेक्षा दोन तास आधी मिळाला होता. अर्थसचिवांनी स्वतः पाठवला होता. बातमी बदलली असती तर पुढच्या वर्षी तो दुसऱ्या कुणाला मिळाला असता. मी तेवढ्यासाठी गप्प बसले. उद्या सविस्तर लिहू, असं मनाशी म्हटलं. दुसऱ्या दिवशी सचिवांचा आभाराचा फोन आला, आणि मग लिहिणं आणखीच अवघड झालं.

शुक्रवारी तुम्ही उठून गेल्यावरही मला लिहिता आलं असतं. मी तुमच्या तीन मिनिटांची आठ ओळींची बातमी केली, त्यात कात्रणाचा उल्लेखही नव्हता.

तुमचा एकेक आकडा दोनदा मोजलेला असतो. समितीच्या इतिवृत्तात तुमच्या नावावर एकच चुकीची नोंद आहे, आणि ती माझ्या शब्दावर विसंबून केलेली आहे. हे मला गिळता येईना.

काल बातमी दिल्यावर मी संपादकांकडे गेले. दुरुस्ती छापायची म्हटलं.

"छापू की. 'अनवधानाने' असं लिही."

"अनवधान नव्हतं. कलम मी वाचलं होतं."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हे बघ, आता कलम निघालंय. निकाल तुमच्या बाजूने लागलाय. कोण विचारतंय तुला?"

"कुणीच नाही. म्हणून तर."

"सभागृहाचं काम तुझ्याकडे ठेवता येणार नाही मग."

"कळतंय मला."

त्यांनी पहिल्या पानाचा आराखडा पुढे ओढला. मग म्हणाले, "पहिल्या पानावर खाली जागा आहे. चार ओळींत बसव."

आज ती छापून आली आहे, माझ्या नावानिशी. अंक सोबत ठेवते आहे, पत्र आजच माणसाकरवी पाठवते. समितीच्या अध्यक्षांनाही कालच वेगळं पत्र दिलंय, की त्यांच्यासमोर तुम्ही माझ्या बातमीबद्दल जे सांगितलंत ते मी तुम्हाला सांगितलेलं खोटं होतं, तुमच्याकडे त्याचा दोष नाही. ते इतिवृत्ताला जोडतो असं कारकूनबाई म्हणाल्या. तुमच्या भावाने सकाळी अंक वाचला, घडी घातली आणि म्हणाला, "ताईला तू सांग. मी नाही मध्ये पडणार."

उद्या गुरुवारी अकराला विधेयक पूर्ण सभागृहापुढे येईल. कलम एकोणीस दुरुस्ती म्हणून परत आणायचा प्रयत्न होणार, हे नक्की. कारकूनबाईंच्या हिशेबाने तो तीन मतांनी पडेल. त्यांचा अंदाज सहसा चुकत नाही, पण तीन मतं म्हणजे काहीच नाही. प्रेक्षकांची गॅलरी साडेदहाला उघडते. तुमच्या नावाचा पास दारावर ठेवलाय. सदस्यांनी वर बघितलं तर त्यांना तुम्ही दिसायला हव्यात.

मी वार्ताहरांच्या बाकावर असेन की वर गॅलरीत, ते आज संध्याकाळी ठरेल. वर असले तर मागच्या रांगेत बसेन. तुम्ही बोलावलंत तर पुढे येईन.

अजून म्हणू देणार असाल तर,
तुमची भावजय